मरणावर लिहिणारे आम्ही चौघे

एकत्र बसून कविता वाचणाऱ्यांकडे कविता थोड्या आणि किस्से फार जमतात, असा माझा अनुभव आहे. बदलापूर गावात देवळामागच्या खोलीत आम्ही चौघं रविवारी सकाळी बसतो. जमीन विकून टेम्पो घेतलेले आगरी म्हात्रेदादा, अंबरनाथच्या एका दवाखान्यातल्या सिस्टर सुनंदाताई, उल्हासनगरात कापडाचं दुकान चालवणारे आणि मराठीत लिहिणारे सिंधी वासूशेठ, आणि आनंदनगरच्या केमिकल कंपनीतला मी. का कोण जाणे, चौघंही मरणावरच लिहितो. त्यामुळे लोक आम्हाला जरा टरकूनच असतात.

*

शेजारच्या मुलीच्या हळदीत डीजे बंद पडला, तेव्हा लोकांनी म्हात्रेदादांच्या हातात माइक दिला. दादांना एकच कविता पाठ होती, नदीकाठच्या स्मशानावरची. तिच्यात चिता जमलेल्यांना सांगते, माझं मी बघते, तुम्ही घरी जा, भात गरम आहे.

दादांनी म्हटली. मांडवात कुणी हलेना. दादांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, पदर तोंडाला लावला.

शेवटी नवरीचा आजा काठी टेकत उठला. म्हणाला, "खरा सांगतंय तो. चला, जेवून घ्या."

पंगत बसली.

*

वासूशेठच्या दुकानात एक ओळखीचा माणूस पांढरं कापड घ्यायला आला. वडील आयसीयूत होते, डॉक्टरांनी तयारी ठेवायला सांगितलं होतं. शेठने काही न विचारता कापड फाडलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वडिलांनी डोळे उघडून पाणी मागितलं होतं. तो तिथेच स्टुलावर बसून रडायला लागला. सावरल्यावर म्हणाला, हे आता परत घ्या. पण फाडलेलं कापड परत घ्यायचं नाही, हा शेठचा नियम.

"साईं, वडिलांचं माप आणा," शेठ म्हणाले. "कुर्ता शिवून देतो."

म्हातारा अजून तो कुर्ता घालून दुकानावरून फिरायला जातो. शेठने त्याच्यावर कविता केली आहे, पण त्याला ऐकवायचं धाडस काही होत नाही.

*

आमच्या कंपनीत एकदा दुपारी गॅसचा सायरन वाजला. सगळे धावत गेटबाहेर. माझ्या कवितांची रोज टिंगल करणारा सुपरवायझर बाजूला उभा होता, चेहरा पांढराफटक. म्हणाला, ती तुझी मरणाची कविता म्हण ना.

मला एकही ओळ आठवेना.

थोड्या वेळाने कळलं, गळती वगैरे काही नव्हती, सायरनच बिघडला होता. तोवर सगळ्यांनी घरी फोन लावले होते, आणि एकाच्याही तोंडून काय झालं ते निघत नव्हतं. रस्त्याच्या कडेने ओळीने उभे राहून सगळे बायकोला विचारत होते, आज भाजी काय केलीस?

पुढच्या रविवारी मी हे सांगितलं. सुनंदाताई म्हणाल्या, "हेच लिही. बाकीचं फाड."

*

आणि मग सुनंदाताईंच्याच छातीत गाठ निघाली. ती साधी होती, ताई आता ठणठणीत आहेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल. आम्हाला मात्र तेव्हा माहीत नव्हतं. त्या रविवारी तिघं जमलो, पण मरणावर वाचायला कुणाची जीभ उचलेना. नुसता चहा पिऊन उठलो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ताईंनी वॉर्डातून दादांना फोन केला. म्हणाल्या, काहीतरी वाचा. दादांनी विचारलं, फुलांवरचं चालेल का? ताई म्हणाल्या, मला तुमचंच पाहिजे.

दादांनी घाबरत घाबरत स्वतःच्या अंत्ययात्रेची कविता काढली. तिच्यात मेहुण्याला गाडी लावायला जागा मिळत नाही, खांदेकरी फ्लॅटचे भाव बोलत चालतात, आणि रडता रडता वहिनींना आठवतं की गॅसवर दूध ठेवलंय. ताईंनी फोन स्पीकरवर टाकला. अख्खा वॉर्ड हसायला लागला. ताई हसता हसता रडल्या, आणि पुन्हा हसल्या.

शेजारच्या खाटेवर कंबर मोडलेली एक आजी होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि ताईंना विचारलं,

"कवा हाय याची मयत? मना पन यायचंय."