डाव्या तोंडाची कणीक

आमच्या ऑफिसात महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी चारला गाणं असतं, आणि हल्ली त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकते. कुणी विचारलं तर डोकं दुखतं म्हणते. खरं कारण आज लिहून टाकते.

महाडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. एचआरच्या नव्या मॅडम मुंबईहून आल्या आणि ही टूम त्यांनी काढली. टेबलं भिंतीला सरकवायची, झेरॉक्स मशीन बंद करायचं. माइक नाही, स्टेज नाही. गाणारा मध्ये आणि आम्ही तीसेक जण भोवती. पहिल्यांदा पुण्याचा एक गिटारवाला आला. हाताच्या अंतरावर कुणी गात असेल तर त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, हे मला तेव्हा कळलं. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं होतं. एसीच्या वाऱ्याने तारा उतरतात असं तो म्हणाला, म्हणून आम्ही एसी बंद करून अर्धा तास घामाघूम बसलो. कुणी चकार शब्द काढला नाही.

मग मीच शहाणपणा केला. बॉयलरवरचे काका त्या महिन्यात रिटायर होणार होते. कुडपणचे. गावच्या भजनात पखवाज त्यांचाच. सगळी नोकरी कारखान्यात गेली, पण ऑफिसच्या काचेच्या दारातून आत येऊन ते कधी बसले नव्हते. काही कागद असला तर बाहेरच्या खिडकीवर सही. मी मॅडमना त्यांचं सुचवलं. "लोकल टॅलेंट! मस्त!" त्या म्हणाल्या. काकांना बॉयलरवर जाऊन सांगितलं.

"जायच्या आदी एकदा आयकवायचा व्हता या लोकांना," ते म्हणाले. "समदी बॉयलरवाला म्हनूनच वळखतात."

शुक्रवारी ते एसटीने आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, गोधडीत गुंडाळलेला पखवाज, आणि स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात काकूंनी मळून दिलेला कणकेचा गोळा. वाजवण्याआधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला ही ओली कणीक थापतात. तिच्याशिवाय तो घुमत नाही. वाजवून झालं की खरवडून काढायची, पुढच्या वेळी नवी.

डबा टेबलावर ठेवून काका हातपाय धुवायला गेले. तेवढ्यात मॅडमनी तो उघडला, नाक मुरडलं, आणि "कुणाचं तरी खराब झालंय" म्हणत गोळा चहाच्या चोथ्यात टाकून दिला.

काका परत आले. "माजी कणीक कुठं हाय?"

मॅडम ओशाळल्या, पण क्षणभरच. "अहो, तसंच वाजवा ना. वीस मिनिटं तर आहेत."

"मुका वाजंल, मॅडम."

"आम्हांला काय कळतंय त्यातलं!" असं म्हणून त्या हसल्या, आणि मग सगळेच हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पाच मिनिटं थांबा, मी पीठ आणते," म्हणून मी धावत सुटले.

कॅन्टीनमध्ये भात शिजतो, पोळ्या गावातून तयार येतात. गव्हाच्या पिठाचा कण नाही. मग आठवलं, कामगारांना पिशव्या आत नेता येत नाहीत, त्या गेटवरच्या केबिनमध्ये राहतात. झाडलोट करणाऱ्या दासगावच्या बाई कामावर येताना गिरणीतून गव्हाचं दळण घेऊन येतात. त्या गेटवरच झाडत होत्या, त्यांच्याकडे पखवाजासाठी पीठ मागितलं.

"मूठभर पिठाला काय इचारता, बाय!" त्या म्हणाल्या. "कोन वाजवनार, बॉयलरवालं? हितनं आयकू ईल का?"

"येईल," मी म्हटलं. ऑफिसात बोलावणं फक्त आम्हा टेबलवाल्यांना होतं.

कागदात पीठ घेऊन मी काचेच्या दाराशी पोचले तर आत टाळ्या चाललेल्या. मॅडम "ब्युटिफुल, ब्युटिफुल" करत मोबाइलवर फोटो काढत होत्या. साडेचारला महिन्यातल्या वाढदिवसांचा केक कापायचा होता, म्हणून थांबले नाहीत. गिटारवाल्यासाठी अर्धा तास घाम गाळणाऱ्यांना कणकेसाठी पाच मिनिटं निघाली नाहीत!

काका पखवाज गुंडाळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाय म्हनवला नाय, वाजवला तसाच धा मिनिटं. डावा हात नुसता आपटत व्हतो. कुनाच्या ध्यानात पन नाय आला."

गाढवाला गुळाची चव काय, हे तिथेच सगळ्यांना ऐकवायला हवं होतं. मी ऐकवलं नाही. उलट कुणीतरी पुढे केलेला केकचा तुकडा घेतला आणि खाल्ला. त्यासाठी स्वतःवरचा राग अजून गेलेला नाही.

पीठ परत द्यायला मी काकांबरोबर गेटवर गेले. बाई वाटच बघत होत्या. "कदी वाजवनार? मी कवाची कान देऊन हाय."

काकांनी माझ्या हातातला कागद घेतला. केबिनच्या बाकावर बसले, वॉचमनच्या बाटलीतलं पाणी घेऊन तळहातावरच कणीक मळली, डाव्या तोंडावर गोल थापली, आणि एक थाप मारली.

बाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "हां," त्या म्हणाल्या, "आता बोलला."

काकांनी डोळे मिटून वाजवायला घेतलं. ऑफिसच्या काचेआड केक चालला होता, कुणी मान वळवली नाही. वाजवून झाल्यावर त्यांनी कणीक नखाने खरवडली, सदऱ्याच्या बाहीने पखवाजाचं तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "आता झालो रिटायर."