पांढऱ्या पत्र्यावरची ताडपत्री

दादांच्या पाठीला पहिल्यांदा जखमा झाल्या, तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. दादा म्हणजे माझे वडील. नाशिक रोडच्या मालधक्क्यावर त्यांनी वीस वर्षं पोती उचलली आणि एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते खाटेवर होते. आमचं घर म्हणजे एक खोली, विटांच्या भिंती आणि वर पत्रा. मार्च लागला की अकरापासून पत्रा तापायचा. पंखा तीच गरम हवा फिरवायचा. हलता येणारा माणूस उठून दारात बसतो, झाडाखाली जातो. दादांना कूस बदलायलाही कुणीतरी लागायचं. घामानं अंथरूण भिजायचं, पाठीची कातडी मऊ पडायची आणि सोलून निघायची. आई धुणीभांडी आटपून दुपारी यायची, गोधडी बदलायची, जखमा पुसायची. दादा ओरडायचे नाहीत. डाव्या हातानं खाटेची पट्टी धरून ठेवायचे.

मी दुपारभर कॉलेजच्या अभ्यासिकेत असायचे. तिथे डोक्यावर स्लॅब होता, प्यायला गार पाणी होतं. परीक्षा जवळ आलीय, असं घरी सांगायचे. नसली तरी सांगायचे.

पदवी मिळाली. आमच्या घराण्यात मी पहिली, गल्लीतही पहिली. त्याचा अभिमान मला तेव्हा होता, आजही आहे. त्याच पदवीवर एका संस्थेत नोकरी लागली. जुन्या घरांच्या पत्र्यांना ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा, कोंदट खोल्यांना झरोके पाडायचे, म्हणजे घर निवतं आणि पंखा-कूलरची वीज वाचते, असं ते काम. ‘‘ही घरं पाडून नवी कुणी बांधून देणार नाही. आहेत तीच सुधारायची, आणि हजारांनी सुधारायची,’’ आमचे साहेब सांगायचे. मला ते पटलं. यादीत पहिली गल्ली मी आमची घातली.

रंगाचे डबे उतरले तेव्हा शेजारच्या काकू कमरेवर हात ठेवून उभ्या. ‘‘शिकलेली पोर पत्र्याला पावडर लावायला आली. लगीन काढलंय का गं घराचं?’’

आतून दादांचा आवाज आला. लकव्यानं जीभ जड झाली होती, पण टोमणा शाबूत होता. ‘‘लावू दे. घरात कुणीतरी गोरं व्हईल.’’

तो उन्हाळा बरा गेला. भर दुपारी पत्र्याला खालून हात लावता यायचा. महिनाभरात दादांच्या जखमांवर खपली धरली. एक दिवस त्यांनी आईकडे आरसा मागितला आणि दाढी करून घेतली.

जूनमध्ये पाऊस आला आणि काकूंनी पत्र्यावर ताडपत्री ओढली. तीन घरांत मिळून एक, निळी, वर टायर आणि दगड. आमचं घर त्या तिघांतलंच. पावसाळ्यापुरती असेल म्हणून मी काही बोलले नाही. दिवाळीनंतर आईला म्हणाले, आता काढून टाका.

‘‘अवकाळी येतो की मार्चात,’’ आई म्हणाली. ‘‘परत कोण चढणार वर?’’

मी वाद घातला नाही. तेव्हा माझ्याकडे सातपूरकडच्या वस्त्या होत्या. सकाळी सातला निघायचे, यायला अंधार व्हायचा. त्या वस्त्यांमधल्या बायकांना पटवायला मी मोबाइलमधला एक फोटो दाखवायचे, आमच्या गल्लीचा, सगळे पत्रे पांढरेशुभ्र. माझ्या वडिलांच्या जखमा यानं भरल्या, असंही सांगायचे. तोवर मार्च लागून ताडपत्रीखाली पत्रा पुन्हा तापायला लागला होता आणि त्या परत फुटल्या होत्या. आईनं मला ते सांगितलं होतं. मलम आणून दिलं आणि कामाला गेले.

एप्रिलमध्ये साहेब पाहुण्यांना आमची गल्ली दाखवायला घेऊन आले. वरून नीट दिसेल म्हणून बाजूच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही चढलो. खाली एकही पत्रा पांढरा नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या-काळ्या ताडपत्र्या, टायर, दगड. पाहुण्यांनी विचारलं, ‘‘यातली तुमची घरं कोणती?’’ आमच्या घरावरची ताडपत्री मला ठाऊक होती. गल्लीतल्या बाकीच्या मी पाहिल्याच नव्हत्या.

त्याच दुपारी मी आमच्या पत्र्यावर चढले. ताडपत्रीखालचा रंग जसाच्या तसा होता.

काकू खालून म्हणाल्या, ‘‘काढ, काढ. पाणी काय तुझ्या रंगानं थांबतंय? खिळ्याखिळ्यातून गळतंय.’’

‘‘मग आधी सांगायचं ना, काकू.’’

‘‘तू इचारलंस कधी? उन्हाचंच इचारत होतीस.’’

ते खरं होतं. आमच्या फॉर्ममध्ये पंखे किती, कूलर आहे का, दुपारी घरात कोण असतं, सगळे रकाने होते. गळतीचा नव्हता. त्या घरात वाढलेली, पावसात भांडी मांडत मोठी झालेली मी, मलाही तो रकाना सुचला नाही.

ताडपत्री काढली, पण उशीर झाला होता. दादांची जखम हाडापर्यंत गेली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला जखम दाखवली आणि विचारलं, इतके दिवस काय केलंत? मी शिकलेली आहे हे माझ्या बोलण्यावरून त्यांना कळलं होतं, म्हणून त्यांनी आईला विचारलं नाही. दादा जुलैमध्ये गेले. त्या दिवशी घरात खाटेच्या जागी बादली ठेवलेली होती, पत्रा गळत होता.

तेराव्यानंतर मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, ‘‘आपलं काम विजेचं आहे. गळती आपल्यात बसत नाही. शिवाय एकेका घराचा खर्च वाढला की घरं कमी होतील.’’

‘‘होऊ देत,’’ मी म्हणाले. ‘‘नाहीतर रंग देऊ नका. ताडपत्रीखाली रंगवून काय करायचंय?’’

मी सुट्टीच्या दिवशी एका पत्रेवाल्याला घेऊन आमचं घर केलं. खिळ्यांच्या भोकांना रबरी वायसर, जोडांवर डांबराची पट्टी, मग रंग. उरलेल्या पावसाळ्यात साहेब स्वतः दोनदा येऊन कोरडी जमीन बघून गेले. काकूही बघून गेल्या आणि त्यांनी स्वतःच्या पत्र्याचे खिळे मोजून मला आकडा आणून दिला. आता फॉर्ममध्ये पहिला रकाना गळतीचा आहे.

आमची गल्ली नव्यानं केली, नंतर शेजारच्या दोन वस्त्या. मार्चात गारा पडल्या, त्यानंतर पूर्ण उन्हाळा गेला. आमच्या गल्लीत एकाही पत्र्यावर ताडपत्री चढली नाही.