सिस्टरांचा वेल

माझ्या मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं, ते श्रीखंडापायी.

मुक्ताने मुलगा स्वतःच पसंत केला होता. रॉबिन, कॅथलिक. त्याच्या घरचे ना हो म्हणत होते, ना नाही. सगळं अडलं होतं त्याच्या मावशीवर. मावशी म्हणजे सिस्टर जसिंता, झाबुआकडच्या कॉन्व्हेंटमधल्या नन. त्या इंदूरला आल्या आणि मुक्कामाला थेट आमच्याकडे, राजेंद्र नगरला उतरल्या. (आपलं घर पारखायला आल्यात, हे मी सोडून सगळ्यांना कळलं होतं.)

दुसऱ्या दिवशी पहाटेच ही म्हणाली, "अहो, तेवढा चक्का बांधून टाका. गच्चीवर पंचा वाळतोय, तो घ्या."

घेतला. पांढराशुभ्र, मऊ, एका बाजूला टिचबटण. म्हटलं, आजकाल पंचालाही बटण देतात. दही ओतलं, गाठ मारली, नळाला टांगलं आणि कृतकृत्य होऊन पेपर वाचत बसलो.

थोड्या वेळाने डोक्याला टॉवेल गुंडाळून सिस्टर आल्या. चर्चला निघायचं होतं.

"भाईसाहब, मेरा वेल नहीं मिल रहा।"

"वेल? आइए ना, दिखाता हूँ।" मी त्यांना गच्चीवर नेलं आणि गोकर्णाचा वेल दाखवला. चार फुलंही तोडून हातात दिली. त्या फुलांकडे बघत राहिल्या.

मुक्ता कानाशी लागली. "बाबा, वेल म्हणजे नन डोक्यावर घेतात ते कापड. काल संध्याकाळी धुऊन इथेच वाळत घातलं होतं. एकच आणलंय त्यांनी."

मग शोधमोहिमेचं नेतृत्व मीच घेतलं. शेजारच्या शर्माजींची गच्ची धुंडाळली. ("भिया, हवा तो चली ही नी," ते म्हणाले.) शेवटी मी आळ माकडांवर घातला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, अगदी हळू.

"अहो, जरा आत या."

हिच्या हातात कोरडा पंचा होता. नळाला दही ठिबकत होतं आणि टिचबटण माझ्याकडे बघत होतं.

"आता तुम्हीच सांगा त्यांना."

सांगितलं. "सिस्टर, वेल मिल गया। पर अभी उसमें दही है।"

मुक्ता डोक्याला हात लावून खाली बसली. सिस्टर आत आल्या, गाठोडं नीट पाहिलं आणि विचारलं, "कितनी देर और लगेगी?"

"बारह तो बज जाएँगे," मी प्रामाणिकपणे म्हणालो.

त्या मुक्ताची पांढरी ओढणी डोक्याला पिनांनी लावून चर्चला गेल्या. दुपारी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं, पण चकार शब्द काढला नाही. संध्याकाळी झाबुआची बस धरली. पुढे आठवडाभर घरात सुतक होतं. मुक्ता माझ्याशी बोलेना, ही चहा समोर आदळायची.

मग रॉबिनच्या आईचा फोन आला. लग्न पक्कं. सिस्टर म्हणाल्या होत्या, "सीधे लोग हैं, कुछ छुपाना आता ही नहीं।" अट एकच: लग्नाच्या दिवशी नवरीच्या वेलला बापाने हात लावायचा नाही.

म्हणून त्या दिवशी मला चर्चच्या गेटवर पार्किंग बघायला उभं केलं. तिथे मी एक जुनाट गाडी "जगह नी है भिया" म्हणून परत पाठवली. ती फादरांची होती.