सोमवाऱ्या

गिरणीच्या कापूस पिंजायच्या खात्यात त्याला सगळे सोमवाऱ्या म्हणत. रविवारची सुटी झाली की सोमवारी त्याच्या छातीवर भरलं पोतं टाकल्यासारखं व्हायचं. दिवसभर धाप, आणि मंगळवारी गडी पुन्हा ठणठणीत. मुकादम हजेरी घेतानाच टोमणा मारी, सुटी अजून अंगातून उतरली नाही वाटतं.

मग त्यानं डोकं चालवलं. सुटीच घेतली नाही तर सोमवार येईल कुठून? तो रविवारीही जाऊ लागला, आणि धाप खरंच थांबली. बावीस वर्षं त्यानं रविवार पाहिला नाही. पुढे लेक त्याच खात्यात लागली, तिलाही सोमवारी धाप लागली, तेव्हा हा हमखास उतारा त्यानं मोठ्या प्रौढीनं तिला देऊन टाकला.

मग धापेनं वार पाळणं सोडलं. एका जिन्यात तीनदा टेकावं लागायला लागलं, तेव्हा तो एकटाच दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर शब्द लिहिला, बिसिनोसिस. त्यानं अर्थ विचारला. बाईंनी सांगितलं, मूळ शब्द जुना ग्रीक, बिसॉस. जवसाच्या धाग्याचं तलम कापड. कुठले कुठले राजे ते नेसत, मेल्यावर त्यातच गुंडाळले जात. पुढे डॉक्टरांनी ते नाव कापसाची धूळ छातीत भरणाऱ्यांच्या दुखण्याला दिलं.

"म्हणजे राजेशाही दुखणं," तो म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. "सोमवारची धाप म्हणजे छाती ओरडत होती, मामा. सुटी न घेऊन तुम्ही तिचं तोंड दाबलंत. धूळ जातच राहिली."

शनिवारी संध्याकाळी त्यानं लेकीला समोर बसवलं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मी तुला उलटं शिकवलं. ते खातं सोड." एवढं बोलायला त्याला चारदा थांबावं लागलं. खातं सोडणं तिच्या हातात नव्हतं, त्याचं काम सुटल्यापासून घरात कमावती ती एकटीच. पण बापाचा शब्द राखायला ती रविवारी घरी राहिली. न्हाली, दुपारी आडवी झाली.

सोमवारी जेवणाच्या सुटीत ती भिंत धरत घरी आली. बोलता येईना. मंगळवारी बरी झाली.

पुढच्या रविवारी तिनं सकाळीच चपला घातल्या.

"बाबा, तुमचं आधीचंच खरं होतं. त्या बाईंना काय ठाऊक सोमवार?"

तो श्वास गोळा करू लागला. पुरेसा जमला तेव्हा ती गल्लीच्या टोकाला पोचली होती.