शालिकरामाने पाट तुंबवला

अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि वलगावच्या काळ्या मातीत कापसाचे सोने झाले. शालिकराम माळी मात्र वांग्यांतच राहिला. शेजारच्या भगवंतरावाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या, त्या दिवसापासून शालिकरामाच्या मनात एक विचार मुक्कामाला आला: या माणसाचा कापूस भिजावा.

एरवी तो विचार तिथेच सुखाने म्हातारा झाला असता. पण रविवारी शालिकरामाचा बाप्तिस्मा होता. येईल तो विचार आत घेऊ नकोस, मनाची राखण कर, असे पाद्रीसाहेबांनी बजावले होते. शिवाय आधी शेजाऱ्याकडे तुझी चौकशी करीन, असेही. शेजारी म्हणजे भगवंतरावच.

मग राखण सुरू झाली. मनकर्णा, त्याची बायको, मोट हाकत होती. हा कुदळ घेऊन वाफ्यांत पाणी सोडत होता. विचार आला की डोळे घट्ट मिटून "नाही, नाही" म्हणायचा. एक वाफा भरला, त्याने तोंड बुजवले. पुढच्याचे उघडणार तोच विचार आला आणि डोळे मिटले. मोट ओततच होती. पाट तुंबला, फुगला आणि फुटला तो थेट भगवंतरावाच्या शेतात. वेचलेल्या कापसाचा ढीग बुडापासून भिजला.

मनकर्णेने बैल थांबवले. "आवो, समदी तोंडं बुजवल्यावर पानी जाईन कुठं? एक बुजवलं का दुसरं उघडा लागते. मनाचंबी तसंच असन."

भगवंतराव धावत आला. चूक झाली म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते. पण शालिकरामाला ते पुरेना.

"पानी चुकून गेलं, भाऊ. पन तुमचा कापूस भिजावा, असं मी रोजच मनात म्हनून राहिलो होतो."

"काहून?"

"तुमच्या बैलाच्या शेंब्या पाहून."

भगवंतराव बराच वेळ हसला, आणि मग सगळा कापूस त्यालाच वाळवायला लावला. उन्हात बसून शालिकराम एकेक मूठ पसरत होता आणि प्रत्येक मुठीला भगवंतरावाचे भले मागत होता. सुरुवातीला जीभ जड झाली. दुपारनंतर सैल पडली.

शनिवारी पाद्रीसाहेबांनी भगवंतरावाला विचारले, माणूस कसा आहे?

"मनात असन ते तोंडावर सांगते," भगवंतराव म्हणाला. "असा शेजारी लय अवघड, साहेब. घ्या तुमच्यात."