दोघांनी खेळायची कॅसेट

घरात कोणाचं दहावीचं वर्ष आलं की डोंबिवलीतल्या आया दोन गोष्टी करायच्या. केबल बंद करायच्या आणि टीव्ही गेमच्या कॅसेट घराबाहेर घालवायच्या. हे जूनमध्ये क्लास सुरू व्हायच्या आत उरकावं लागे. पोराने रुसून, भांडून, वर्गात अदलाबदली करून जमवलेला ऐवज एका दुपारी पिशवीत भरला जायचा आणि पोरगं घरी यायच्या आत पिशवी दाराबाहेर. माझं सगळं कलेक्शन या दहावीच्या आयांच्या कृपेने झालं. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी कॉलेज संपवून ठाण्याला एका ऑफिसात लागलेले. माझी स्वतःची दहावी केव्हाच फर्स्ट क्लासात पार पडलेली, त्यामुळे सगळ्यांच्या दृष्टीने मी निरुपद्रवी होते. "तू घेऊन जा गं बाई, तुझं काय आता बिघडणार आहे?" असं म्हणत त्या पिशवी माझ्या हातात द्यायच्या. आतल्या खोलीत भूमिती उघडून बसलेलं पोरगं माझ्याकडे अशा नजरेने बघायचं, की मी जिना उतरताना मागे वळून बघत नसे.

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे. तळहातापेक्षा थोडा मोठा, प्लास्टिकचा चपटा डबा. खालच्या कडेला फट आणि त्या फटीत पितळी पट्ट्या. सेटच्या खाचेत दाबून बसवायची, टीव्हीचं चॅनल जुळवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. पडदा करडा आला तर कॅसेट काढून फटीत फुंकर मारायची. फुंकरीने काय होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मारल्याशिवाय राहवत नसे. माझा सेट मामाने मस्कतहून आणलेला, मी शाळेत असताना. माझ्या बरोबरीच्या मुलींना ओढण्या आणि अत्तरं आली, मला हा सेट आला, आणि आईने मामाला जन्मभर माफ केलं नाही.

हा छंद सुखाचा होता असं सरसकट म्हणता येणार नाही. निम्म्या कॅसेट सरळसरळ फसवायच्या. वर झगझगीत चित्र, मोठ्या आकड्यात 'शेकडो गेम', आणि आत तेच चार गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. एकदा ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं म्हणून रविवारी टिटवाळ्याला गेले. त्यांच्या भाच्याकडे 'एकदम वेगळी' कॅसेट होती. चहा घेतला, चिवडा खाल्ला, भाच्याच्या आईला माझ्या पगाराची आणि लग्नाची चौकशी करू दिली, आणि घरी येऊन लावली तर आधीच तीनदा घेतलेलाच गेम. वर हिरवं चित्र होतं एवढंच वेगळं. शिवाय खेळ मध्येच थांबवून उद्या पुढे न्यायची सोय नाही. वीज गेली की पहिल्यापासून सुरुवात, आणि आमच्याकडे वीज जायला फार कारण लागत नसे.

पण एखादी पिशवी उघडताना हाताला अनोळखी आकाराची कॅसेट लागली की जो आनंद व्हायचा, तसा मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता. अशीच एक निळसर कॅसेट मला कल्याणला, मावशीच्या शेजारणीकडे मिळाली. चित्रात अर्धवट बांधलेली इमारत आणि शिडी धरून उभे असलेले दोन गवंडी. घरी लावली आणि वेडीच झाले. गवंड्याने विटा रचत मजले चढायचे, पडत्या घमेल्यांतून वाचायचं. चौथ्या मजल्यापर्यंत मी एकटी गेले. तिथे एक लोखंडी दार होतं. जमिनीतल्या फरशीवर कोणीतरी उभं राहिलं तरच ते उघडं राहायचं; फरशी सोडली की बंद. म्हणजे एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने पुढे जायचं. तो गेम एकट्याने पुरा व्हायचाच नव्हता.

दुसरा माणूस कुठून आणायचा? मैत्रिणींची लग्नं होऊन त्या पांगलेल्या. आईला विचारायची सोयच नव्हती. "ठोंब्यासारखी त्या टीव्हीसमोर बसतेस, कोणी बघायला आलं तर काय सांगू, मुलगी पाव इंचाचे राक्षस मारते?" हा तिचा ठरलेला प्रश्न. त्यात माझ्या सेटचा दुसरा रिमोट केव्हाच मेलेला. आणि एका पावसाळ्यात व्होल्टेज असं काही वाढलं की अडॅप्टरमधून धूर आला आणि सेटही गेला. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितला आणि हात टेकले. आईने देवापुढे साखर ठेवली नाही एवढंच. कॅसेट मात्र मी ठेवल्या. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात, पलंगाखाली, पट्ट्यांना गंज चढू नये म्हणून कापडात गुंडाळून. जमवणं थांबवलं नाही. सेट नाही आणि कॅसेट जमवतेय, हे वेड मला स्वतःला कळत होतं, पण ती निळी कॅसेट डब्यात आहे आणि चौथ्या मजल्यावर ते दार बंद आहे, हे डोक्यातून जात नव्हतं.

मग मला बघायला ठाण्याचं स्थळ आलं. पोहे झाले, मोठ्यांच्या गप्पा झाल्या, आणि आम्हा दोघांना 'जरा बोलून घ्या' म्हणून गॅलरीत सोडलं. मावशीने मला आधीच पढवून ठेवलं होतं, छंद विचारला तर वाचन आणि भरतकाम सांग. त्याने विचारलं. मी म्हटलं, "टीव्ही गेमच्या कॅसेट जमवते."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, झालं, आता पोहे फुकट गेले.

"किती आहेत?" त्याने विचारलं.

"तीस-पस्तीस. पण सेट जळलाय."

"माझ्याकडे सेट आहे. एकदम चालू आहे, दोन्ही रिमोट चालतात." मग जरा ओशाळून म्हणाला, "कॅसेट एकही नाही. दहावीला आईने सगळ्या देऊन टाकल्या."

मला इतकं हसू फुटलं की आतून मावशी डोकावून गेली. मी त्याला दोन गवंड्यांबद्दल सांगितलं, चौथ्या मजल्यावरच्या दाराबद्दल सांगितलं. तो कठड्याला टेकून नीट ऐकत होता, मध्येच विचारत होता, फरशीवर वीट ठेवून बघितलीत का? बघितली होती. नाही चालत. "मग दोघंच पाहिजेत," तो म्हणाला. लग्न तिथेच ठरलं असं मी आजही मानते. पुढे साखरपुडा झाला, दोन-तीनदा भेटलो, आणि प्रत्येक वेळी निरोप घेताना तेच बोलणं व्हायचं: लग्नानंतरच्या पहिल्या मोकळ्या रविवारी दार लावून घ्यायचं आणि तो गेम संपवायचा. हे आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे चालू सेट आहे हे माझ्या आईलाही माहीत नव्हतं. सगळं लग्न दोन्ही घरांचं होतं, तेवढी एकच गोष्ट आमची होती.

लग्नाआधीचे पंधरा-वीस दिवस केळवणात गेले. आज काकूकडे, उद्या खालच्या मजल्यावर, परवा शीळफाट्याच्या आत्याकडे. नुसतं श्रीखंड आणि साड्या. मी बॅगा भरताना पलंगाखालचा डबा ओढला, तर आई म्हणाली, "तो राहू दे. तो मी नीट पोचवते." तिच्या तोंडून 'नीट' हा शब्द त्या डब्याबद्दल पहिल्यांदाच ऐकला. मला बरं वाटलं.

आमच्याकडे मुलीच्या लग्नात हॉलमध्ये एका बाजूला टेबलं लावून रुखवत मांडतात. लाडू, अनारसे, चिरोटे यांची ताटं, आणि त्यांच्या जोडीला मुलीच्या हातच्या वस्तू: विणलेले रुमाल, भरलेली तोरणं, मण्यांचं तुळशीवृंदावन. मुलाकडच्या बायका टेबलापुढून सावकाश जातात आणि मुलीची परीक्षा घेतात. आईला हीच काळजी लागून राहिली होती. माझ्या हातचं घरात काहीच नव्हतं. रुमाल नाही, तोरण नाही, साधी उशीची खोळ नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी शालू सावरत रुखवताशी आले. मधोमध गुलाबी रंगाची इमारत उभी होती. चंदेरी कागदाच्या खिडक्या, गॅलऱ्यांना दोऱ्याच्या दोऱ्या, त्यांवर वाळत घातलेले चिमुकले कपडे, गच्चीत काड्यापेटीची पाण्याची टाकी. पुढे पाटी: 'कन्येचा आवडता छंद'. बायकांची गर्दी जमली होती. मी कौतुकाने वाकून बघितलं, आणि एका कोपऱ्यात रंग नीट बसला नव्हता तिथून मला निळं प्लास्टिक दिसलं. शिडीचा तुकडा दिसला. मग सगळंच दिसायला लागलं. एकेक वीट म्हणजे एकेक कॅसेट होती. उभ्या राहाव्यात म्हणून फटींमध्ये प्लास्टर ऑफ पॅरिस भरलेलं, वरून डिंक आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन हात.

आई मागे येऊन उभी राहिली होती. तिच्या नखांत अजून गुलाबी रंग होता. "मावशीकडे जाऊन केलं, तुला कळू नये म्हणून," ती म्हणाली. "म्हटलं, हिने आपल्या हाताने काय जमवलं, तर हेच. यंत्र तर जळलंच आहे. उगाच डब्यात कुजण्यापेक्षा चार लोकांनी बघावं. इतकी वर्षं तुला या खेळावरून बोलले गं मी... आवडलं ना?"

मला ओरडायचं होतं. तिला दंडाला धरून विचारायचं होतं की एकदा, एकदाच मला विचारता येत नव्हतं का. पण तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्या तोंडाकडे लहान मुलीसारखी बघत होती. सगळं आयुष्य ज्या वस्तूंना तिने हात लावला नाही, त्या तिने पहिल्यांदा प्रेमाने हातात घेतल्या होत्या. मी म्हटलं, "खूप छान झालंय, आई." मग तिने मला जवळ घेतलं आणि मी तिच्या खांद्यावर रडले. आजूबाजूच्या बायकांना वाटलं, सासरी जायचं रडू.

थोड्या वेळाने मुलाकडची मंडळी रुखवत बघायला आली. नवरा मुलगाही आला. इमारतीपुढे थांबला, वाकला, आणि मी जे बघितलं तेच त्याने बघितलं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. आईने कौतुकाने सांगितलं, "हिने स्वतः जमवलेल्या हो सगळ्या." तो सरळ उभा राहिला, म्हणाला, "फारच सुंदर," आणि लाडवांच्या ताटाकडे वळला.

रुखवत मुलीबरोबर सासरी जातं. त्यामुळे ती इमारत ठाण्याच्या घरात टीव्हीच्या शेजारीच शोकेसवर बसली. पहिला मोकळा रविवार आला तसा नवऱ्याने सेट काढला, धूळ पुसली. इमारतीच्या मागच्या बाजूने सुरीने ती निळी कॅसेट अलगद सोडवली. टूथब्रश, टाचणी, केमिस्टकडून आणलेलं स्पिरिट, सगळं करून झालं. आम्ही खाली चटईवर मांडीला मांडी लावून बसलो होतो. त्याने फुंकर मारली, मग मी मारली. पडदा करडाच आला. त्याने पुन्हा काढली, पुन्हा लावली. सासूबाई जेवायला हाक मारेपर्यंत आम्ही तेच करत होतो. पुढच्या आठवड्यात त्याने स्टेशनजवळून एक नवीन कॅसेट आणली. तेच चार गेम होते. दोन डाव झाले आणि त्याला झोप आली. दोन गवंड्यांची कॅसेट आम्हाला ठाण्यात मिळाली नाही, कल्याणला मिळाली नाही, आणि दुकानदारांना आता तिचं नाव सांगितलं तरी ओळख पटत नव्हती.

दिवाळसणाला आम्ही डोंबिवलीला गेलो. सासूबाईही बरोबर होत्या. फराळ करताना त्या सहज बोलून गेल्या, "याने तो टीव्ही गेम बाहेर काढलाय हो, दोघं रविवारी बसतात त्याच्यापुढे."

आईच्या हातातली करंजी तशीच राहिली. "तुमच्याकडे यंत्र आहे? चालू?" तिने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे त्या कॅसेट..."

मी काही बोलायच्या आत नवरा हसला. "छे हो आई, कुठला चालू? कधीच बंद पडलाय. नुसता उघडून बसतो मी, हौस म्हणून."

आईने त्याचा चेहरा नीट बघून घेतला आणि मग सुटकेचा श्वास सोडला. त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. मला त्या क्षणी त्याचा इतका अभिमान वाटला, की आपल्या हातून काय निसटून चाललंय हे माझ्या लक्षात आलं नाही.

भाऊबीज झाली आणि आईने कळवलं, चार दिवस राहायला येते. नवऱ्याने सेट उचलून कापडात गुंडाळला. मी म्हटलं, "अहो, माळ्यावर ठेवू या. ती परत गेली की काढू."

"आणि कोणी बोलून गेलं तर? आमची आई किंवा कोणी?" तो म्हणाला. "तुझ्या आईला फार लागेल गं. आणि तसंही आता लावायला आहे काय आपल्याकडे?"

खाली भंगारवाला आला होता. नवऱ्याने सेट दोन्ही रिमोटसकट स्वतः नेऊन दिला, वर आला, हात धुतले आणि गॅस संपत आलाय का ते बघितलं. मला नवरा चांगला मिळाला, हे मी कोणालाही सांगेन. त्यानंतर आम्ही पुष्कळ गोष्टी केल्या, घर घेतलं, मुलं वाढवली, आजारपणं काढली. फक्त दार लावून घेऊन दोघांनीच करायचं असं पुन्हा काही आम्हाला सापडलं नाही. आई संध्याकाळी आली. तिने आधी इमारत बघितली, साडीच्या पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "जपलंत हो दोघांनी." नवरा म्हणाला, "म्हणजे काय!" आणि मी तिच्यासाठी चहा टाकायला आत गेले.