जीपचं तोंड ट्रकाकडे

आर्मी मेडिकल कोरमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेताना दूर कुठेतरी जायला मिळेल, असं वाटलं होतं. पोस्टिंग आली ती नागपूरजवळच्या छावणीत. सक्करदऱ्याच्या आमच्या घरापासून बसने जेमतेम तासभर. रँक कॅप्टन. युनिटमध्ये स्त्री डॉक्टर मी एकटीच.

दिवस ठरलेला असे. सकाळी सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, मग वॉर्डचा राउंड, दुपारी स्टोअर्सची तपासणी. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालेलं. मराठी घरात बोलायची, हिंदी जवानांशी, आणि तिन्ही भाषांत मी कमीच बोलायचे. ऑर्डर दिली तरी शेजारच्यालाच ऐकू जाई.

आमचा एक ड्रायव्हर होता, लान्स नायक सुखदेव मेश्राम. गाव खाप्याच्या रस्त्यावर. मी नागपूरची आहे हे कळल्यापासून तो माझ्याशी नागपुरीतच बोलायचा.

"मॅडम, हे ऑर्डर होय का मले विचारून राहिल्या तुम्ही?"

"ऑर्डर आहे."

"मंग जरा मोठ्यानं द्या ना. गाडी बी ऐकली पाहिजे."

त्या ऑगस्टमध्ये कन्हान नदीला पूर आला. सकाळी साडेसातला सिव्हिलकडून, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडून, निरोप आला. खाप्याच्या अलीकडच्या एका गावात सिंधू नावाची बाई काल दुपारपासून अडली होती. सुईणीच्या म्हणण्याप्रमाणे बाळ आडवं होतं. म्हणजे शस्त्रक्रिया, आणि ती फक्त दवाखान्यात. गाव आणि रस्ता यांच्यामध्ये नाला होता. पाणी कमरेच्या वर, बैल पाय टाकेनात. आमच्याकडे मागे स्ट्रेचर बसेल अशी एक जीप होती. पथक माझ्याकडे दिलं गेलं.

खोल पाण्यात घालायची जीप आधी तयार करावी लागते. एक्झॉस्टला उभा पाइप जोडतात, वायरींना ग्रीस लावतात, आणि फॅन पाणी उडवू नये म्हणून त्याचा बेल्ट काढतात. बेल्ट काढला की इंजिन लवकर तापतं. अशी जीप फार तर नाला ओलांडते, लांबचा रस्ता धावत नाही. चिखलात उभं राहून ही तयारी करण्यात वेळ गेला असता. म्हणून ती छावणीतच करायची आणि जीप ट्रकामागे ट्रेलरवर नाल्यापर्यंत न्यायची, असं ठरलं.

वर्कशॉपमागे दोन ट्रेलर उभे होते. थोरला चार चाकांचा, उंच, स्वतःच्या ब्रेकचा. त्याला दोन वजनदार लोखंडी फळ्या लावून गाडी चढवायची. धाकटा दोन चाकांचा, बुटका. त्याची एक खीळ काढली की मागची बाजू आपोआप जमिनीला टेकायची.

सुभेदार कदम साताऱ्याचे. वयाने माझ्या वडिलांएवढे. ते म्हणाले, "मॅडम, थोरला घ्या. भार झेलायला दणकट आहे."

"धाकटा बरा," मेश्राम म्हणाला. "वळते लवकर."

दोघे माझ्याकडे बघत राहिले. मी विचारलं, "उतरवायची जागा कशी आहे?"

"बैलगाडीची वाट आहे. काळी माती. दोन्हीकून कपाशीची पऱ्हाटी," मेश्राम म्हणाला. वाट त्याच्या पायाखालची होती.

काळ्या मातीत त्या लोखंडी फळ्या रुतल्या असत्या. मी म्हटलं, "धाकटा."

"मोठ्यानं, मॅडम."

"धाकटा ट्रेलर!"

सव्वाआठला निघालो. ट्रकात मी, कदम साहेब, नर्सिंग असिस्टंट आणि मेश्राम. ट्रक मेश्रामच चालवत होता. सावनेरच्या रस्त्यावर वेग घेतला आणि मागून हिसके बसू लागले. आरशात पाहिलं तर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके खात होता. एका झोक्याला ट्रकची मागची चाकं सरकली. मेश्रामने पाय हळूच काढून घेतला आणि गाडी कडेला उभी केली.

"म्हणून म्हणत होतो, थोरला घ्या," कदम साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आता बैलगाडीच्या वेगाने जावं लागेल."

त्या वेगाने सिंधू वाचली नसती. मी खाली उतरून ट्रेलरभोवती फिरले. जीप मागच्या बाजूला तोंड करून उभी होती. ती तशी का, हे मला विचारावंसुद्धा लागलं नाही. आमच्याकडे कुठलीही गाडी उभी करताना तोंड बाहेर पडायच्या दिशेला ठेवतात. हुकूम आला की सरळ निघायचं. ती सवय हाडात गेलेली. ट्रेलरवरसुद्धा जवानांनी जीप रिव्हर्समध्ये चढवली होती.

"कदम साहेब, स्ट्रेचरची जड बाजू कोणती?"

"डोक्याची. दणकट गडी तिकडे लावतो आपण."

"जीपचं डोकं इंजिन आहे. ते पार मागे, चाकांच्याही मागे गेलंय. ट्रकाच्या हुकवर भारच नाही, म्हणून ट्रेलर झोके खातोय."

मेश्रामने हुकवर हात ठेवून ट्रेलर उचलून पाहिला. तो सहज हलला. "जीपचं तोंड ट्रकाकडं पाहिजे होतं जी," तो म्हणाला.

कदम साहेबांनी हुक स्वतः हलवून पाहिला. मग टोपी नीट करत म्हणाले, "खीळ काढा रे."

जीप उतरवली, वळवून नाकासमोर चढवली, साखळदंड आवळले. मी वायरलेसवर कळवलं.

"लोड बदलला. पुढे निघतोय. ओव्हर."

"उशीर का? ओव्हर."

"जीपचं तोंड चुकीच्या दिशेला होतं. आता ठीक. ओव्हर."

"रॉजर."

त्यानंतर ट्रेलर सरळ चालला.

वाट अरुंद, म्हणून मेश्रामने ट्रक रस्त्यावरच वळवला आणि ट्रेलरकडून मागे घेत नाल्याशी आणला. तिथे नवी अडचण आली. जीप आता उलटीच उतरणार होती, आणि त्या वाटेवर वळवायला जागा नव्हती. मेश्रामने कमरेला दोर बांधून पाण्यात चालत जाऊन तळ चाचपला, ओढ पाहिली आणि परत आला.

"मॅडम, रिव्हर्समध्येच घेतो. तिकडं तरी वळाले जागा कुठं हाय?"

मी पाण्याकडे पाहिलं. "जा." या वेळी त्याने मोठ्याने बोलायला सांगितलं नाही.

मी त्याच्या शेजारी बसले. पाणी पायांपर्यंत आलं, मग गुडघ्यांपर्यंत. पलीकडच्या काठावर गाव जमलं होतं. सिंधूला खाटेसकट काठाशी आणलं होतं आणि तिची सासू सगळ्यांच्या पुढे होती.

"काहून गा, उलटा काहून येऊन राहिला? तोंड दाखवाले लाजते का?"

"होव ना आजी! लगन नाही झालं अजून!"

मग तिने मला पाहिलं. "ही डाक्टरीण? पोरगी दिसते वं तू तर."

जीपची मागची बाजू थेट सिंधूच्या खाटेसमोर थांबली. स्ट्रेचर सरळ आत गेलं. जीप वळवावी लागली नाही, कुणालाही चिखलात घसरत रुग्ण फिरवावा लागला नाही. सिंधूची नाडी वेगात होती, पण हाताला लागत होती. मी बाळाचे ठोके ऐकले. होते. मेश्राम पहिल्या गिअरमध्ये, पाण्याला छातीवर घेत सरळ परतला. अलीकडे स्ट्रेचर ट्रकात चढवलं आणि निघालो.

दुपारी दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. मुलगी. आई आणि मुलगी दोघी सुखरूप. मेश्रामला सांगितलं तेव्हा तो जीपला फॅन बेल्ट चढवत होता. "मंग नाव काय ठेवून राहिले? रिव्हर्सबाई?" म्हणाला, आणि बराच वेळ हसत राहिला.

पुढच्या आठवड्यात त्याने धाकट्या ट्रेलरवर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढली. पुढची चाकं या रेघेवर, तोंड ट्रकाकडे. रंगवायला कुणी सांगितलं नव्हतं. कदम साहेबांनी पाहिली आणि पुसू दिली नाही.

दोन वर्षांनी मेश्राम उत्तरेकडच्या डोंगरी रस्त्यावर होता. दरड कोसळू लागली तेव्हा मागून येणाऱ्या गाड्या थांबवायला तो खाली उतरला. त्या गाड्या थांबल्या. तो परतला नाही. मी त्याच्या आईला भेटायला गेले. 'जय भीम' म्हणून तिने मला आत घेतलं, आणि त्याच्याबद्दल बोलायचं सोडून आधी जेवायला वाढलं.

आता मी नोकरीत नाही. सक्करदऱ्याला माझा दवाखाना आहे. मागच्या महिन्यात बेसा गावातली काही तरुण मंडळी आली. पुरात उपयोगी पडावी म्हणून त्यांनी जुनी जीप घेतली आहे. ट्रेलर कोणता घ्यावा, हे विचारत होती. मी विचारलं, "उतरवायचं कुठे?" मग त्यांच्याबरोबर जाऊन एक बुटका ट्रेलर निवडला, जीप त्यावर पुढे-मागे सरकवून हुकवरचा भार पाहिला, आणि पांढऱ्या रंगाचा डबा मागवला.

रेघ मीच ओढली. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, याला काही नाव असते का?"

"मेश्राम लाइन," मी म्हटलं.

"काय?"

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने.